दुपारी नुसता फेस, रात्री पाणचट: सोलापूरच्या उन्हात ड्राफ्ट बिअरचा गॅस आणि गारवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होटगी रोडला परमिट रूम, मागे कोल्ड रूममध्ये केग, म्हणजे बिअरची स्टीलची बंद पिंपं, आणि काउंटरवर चार प्रकारच्या बिअरचे चार नळ. व्हीट, लागर, आयपीए आणि स्टाउट. दुपारी ग्लासात नुसता फेस येतो आणि रात्री नऊनंतर तीच बिअर पाणचट लागते. पोरं दिवसभर रेग्युलेटर फिरवत असतात. प्रेशर नेमकं किती ठेवायचं, आणि गिऱ्हाईक "एकदम चिल्ड" मागतं तेव्हा किती गार द्यायची?

बारमध्ये ड्राफ्टची, म्हणजे केगमधून नळाने येणाऱ्या बिअरची, जोडणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे, आणि अशी तक्रार आपल्या भागात मार्च लागला की सुरू होते. आधी गारवा पक्का करा. प्रेशरचा आकडा त्या गारव्यातूनच निघतो. तो एकदा बसवला की फेस आला म्हणून रेग्युलेटरला हात लावायचा नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

बिअर जितकी गार, तितका कार्बन डायऑक्साइड तिच्यात सहज विरघळून राहतो. बिअर तापली की तोच गॅस आत धरून ठेवायला जास्त दाब लागतो. ब्रुअरीवाले गॅसचं प्रमाण 'व्हॉल्यूम'मध्ये सांगतात. अडीच व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस, वजनात साधारण ५ ग्रॅम. बहुतेक लागर आणि पेल एल याच्या आसपास असतात. हे अडीच व्हॉल्यूम टिकवायला बिअर २ अंश सेल्सिअसला असेल तर १० पौंड (दर चौरस इंचाला, म्हणजे psi) प्रेशर पुरतं. ४ अंशांना १२ पौंड लागतं, ८ अंशांना साडेपंधरा आणि १२ अंशांना साडेएकोणीस. म्हणजे बिअर एक अंश तापली की जवळपास एक पौंड वाढतं, हा हिशोब पोरांना तोंडपाठ करायला लावा. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवेचा दाब थोडा कमी भरतो, म्हणून रेग्युलेटरच्या दाब दाखवणाऱ्या गेजवर पाऊण पौंड जास्त धरा. ४ अंशांची लागर असेल तर काटा पावणेतेराच्या आसपास.

आता तुमच्याकडे काय होतंय ते बघा. तुम्ही लिहिलंय की त्याच कोल्ड रूममध्ये पाण्याच्या बाटल्या, सोड्याचे क्रेट आणि स्वयंपाकघरातलं मटणही असतं. म्हणजे अकरापासून दार सारखं उघडतं, बाहेरून तापलेले क्रेट आत येतात आणि दुपारपर्यंत केगमधली बिअर ८ अंशांवर जाते. काटा मात्र बारावरच असतो. ८ अंशांना १२ पौंडांत बिअर फक्त २.२ व्हॉल्यूम धरू शकते. उरलेला गॅस बाहेर पडायला वाट शोधतो, ती त्याला नळीत मिळते आणि नळातून फेस येतो. पोरगा म्हणतो, "मालक, फेस लई येतोय, गॅस कमी करतो," आणि काटा सहावर आणतो. आता तर गॅस आणखी जोरात सुटतो, कारण त्याला दाबून धरणारं प्रेशरच काढून घेतलं. काही वेळ नळाची धार मंद झाल्यामुळे फेस कमी झाल्यासारखा वाटतो, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांची खात्री पटते की उपाय बरोबर होता. प्रत्यक्षात संध्याकाळभर केगमधला गॅस उतरत राहतो. केग जितका रिकामा, तितका तो लवकर उतरतो. रात्री नऊला पाणचट बिअर येते ती यामुळे. बंद करताना कुणीतरी "सकाळपर्यंत भरेल" म्हणून काटा वीसवर नेऊन ठेवत असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फेस, या वेळी जादा गॅसमुळे. हे चक्र रेग्युलेटर फिरवून कधीच थांबत नाही.

तापमान मोजायचं ते बिअरचं. कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, आणि हवा दहा मिनिटांत बदलते. भरलेल्या ५० लिटरच्या केगला चार-पाच अंश खाली यायला मात्र दिवसभर लागतो. दोन गोष्टी करा. एक, पाण्याने भरलेली लिटरची बाटली केगच्या शेजारी ठेवून तिच्यात थर्मामीटर बुडवून ठेवा. तो आकडा बराचसा खरा असतो. दोन, एका नळातून लागोपाठ दोन ग्लास काढा आणि दुसऱ्यात थर्मामीटर घाला. पहिल्या ग्लासात नळीत साचलेली बिअर असते, केगची हकिगत दुसराच सांगतो. सकाळी उघडताना आणि दुपारी चारला असे दोन आकडे आठवडाभर वहीत लिहा. दोन्ही आकडे ३ ते ४ अंशांच्या आत राहिले तर कोल्ड रूम ठीक आहे. दुपारचा आकडा ६ च्या वर जात असेल तर नळ, नळी, गॅस यांपैकी कशावरही अजून पैसे घालू नका.

कोल्ड रूम सावरायला बहुतेक वेळा मोठा खर्च लागत नाही. बाटल्या आणि मटण वेगळ्या फ्रीजमध्ये हलवा. ते जमत नसेल तर निदान माल भरण्याची वेळ रात्री बंद झाल्यावरची ठेवा. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, दाराचं रबर तपासा. केग थेट गार हवा सोडणाऱ्या कॉइलच्या तोंडाशी ठेवू नका. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-अडीच अंशांना गोठायला लागते आणि थर्मोस्टॅट बिघडला तर तोच केग आधी जातो. कोल्ड रूमची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर गच्चीवर उन्हात असेल तर त्यावर शेड हवी, पण हवा खेळती राहील अशी. वीज गेली तर दार उघडू नका. गार झालेले भरलेले केग बंद खोलीत काही तास सहज तग धरतात, दर दहा मिनिटांनी आत डोकावलं तर नाही.

पुण्याकडून येणाऱ्या केगचंही नीट बघा. अडीचशे किलोमीटरचा रस्ता, मे महिना आणि साधा टेम्पो असेल तर केग उतरतो तेव्हा आतली बिअर वीस-पंचवीस अंशांची असू शकते. गाडी शक्यतो रात्रीची मागवा आणि आलेला केग किमान २४ तास, शक्य असेल तर दोन दिवस, कोल्ड रूममध्ये बसू द्या. शनिवारी दुपारी आलेला केग शनिवारी संध्याकाळी लावायचा हट्ट केला तर फेसावाटे जाणारी बिअर पैशांत मोजून बघा. आणि ब्रुअरीला प्रत्येक बिअरचे व्हॉल्यूम विचारून घ्या. हा प्रश्न फार कमी बारवाले विचारतात, पण चांगला ब्रुअर त्याचं उत्तर आनंदाने देतो.

चार बिअरना एकच रेग्युलेटर असेल तर तेही बदलावं लागेल. व्हीटला साधारण २.८ व्हॉल्यूम लागतात, म्हणजे ४ अंशांना इथे १६ पौंडांच्या जवळ. लागर आणि आयपीएला पावणेतेरा. साध्या नळावरच्या स्टाउटला २.३ व्हॉल्यूम असतील तर साडेदहा. एकाच प्रेशरवर चौघी ठेवल्या तर आठवड्याभरात सगळ्यांचा गॅस सारखा होतो: व्हीट मरगळते आणि स्टाउट सोड्यासारखी तडतडते. मुख्य रेग्युलेटरनंतर प्रत्येक केगला वेगळा छोटा रेग्युलेटर बसवा. हा खर्च वसूल होतो.

आता नळी. केगमध्ये तेरा पौंड आहेत आणि ग्लासाशी शून्य, तर मधला दाब कुठेतरी खर्च व्हायला हवा. तो नळीच्या घर्षणात आणि वर चढण्यात खर्च होतो. बिअर एक मीटर वर चढली की सुमारे दीड पौंड जातो. पाच मिलिमीटरच्या आसपास आतला व्यास असलेल्या बिअरच्या नळीत, छापील आकड्यांप्रमाणे, फुटाला तीन पौंड जातात. माझ्या अनुभवात दोन-सव्वादोनच धरलेले बरे. तुमचा नळ केगपेक्षा मीटरभर उंच असेल तर उरतात साडेअकरा पौंड, म्हणजे पाच-सहा फूट नळी. पण सुरुवात आठ फुटांनी करा आणि धार फारच मंद वाटली तर अर्धा-अर्धा फूट कापत या. अर्धा लिटर भरायला आठ सेकंदांच्या आसपास लागले की जमलं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी प्लंबर हाताशी असलेली आठ मिलिमीटरची नळी लावून जातो. तिच्यात घर्षण जवळजवळ नसतंच, मग बिअर नळातून उसळते आणि मालक प्रेशर कमी करतो. नळी खाद्यपदार्थांसाठीचीच घ्या. दुसऱ्या नळीचा प्लास्टिकचा वास लागरमध्ये लगेच कळतो.

कोल्ड रूमपासून काउंटर लांब असेल, सात-आठ मीटरच्या पुढे, तर गणित बदलतं. तेवढं अंतर ढकलायला वीस-बावीस पौंड लागतात आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइड त्या दाबाला ठेवला तर बिअरमध्ये जादा गॅस भरतो. तिथे नायट्रोजन मिसळलेला गॅस हवा. २२ पौंडांना साधारण पाऊण भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाव भाग नायट्रोजन असेल तर लागर आपल्या अडीच व्हॉल्यूमवर राहते. आणि एवढ्या लांब नळीला बाजूने ग्लायकॉलची (न गोठणाऱ्या गार द्रवाची) नळी फिरवल्याशिवाय सोलापुरात भागत नाही. तुमची कोल्ड रूम काउंटरच्या पाठीमागेच असेल तर हा सगळा खर्च वाचतो.

जवळच्या जोडणीतही टॉवरचा, म्हणजे नळ बसवलेल्या खांबाचा, प्रश्न राहतो. काउंटरवरचा स्टीलचा टॉवर ३८ अंशांच्या खोलीत उभा असतो आणि त्यातली हात-दीड हात नळी दोन ग्लासांच्या मधल्या वेळात तापते. म्हणून दुपारी, गिऱ्हाईक विरळ असताना, प्रत्येक पहिला ग्लास फेसाचा. कोल्ड रूममधली गार हवा छोट्या पंख्याने एका पाइपमधून टॉवरच्या टोकापर्यंत नेली आणि टॉवर आतून फोमने भरला की यातलं बहुतेक जातं. नळाच्या मागचा दांडा पितळेऐवजी स्टेनलेस स्टीलचा असला तर स्वच्छतेलाही बरं, पण गारव्यासाठी खरा फरक हवेच्या पाइपनेच पडतो.

फेस कुठून येतोय हे नळी बघून कळतं. फक्त पहिल्याच ग्लासात फेस आणि नंतर स्वच्छ धार असेल तर टॉवर तापलाय. प्रत्येक ग्लासात फेस आणि कपलरपासूनच (केगच्या तोंडावरच्या जोडणीपासूनच) नळीत बुडबुडे चढताना दिसत असतील तर केग तापलाय किंवा प्रेशर कमी आहे. आधी थर्मामीटर, मग गेज. नळीत बिअर काचेसारखी स्वच्छ पण नळातून उसळून येत असेल तर नळी आखूड किंवा रुंद आहे, नाहीतर रात्रभर जादा प्रेशरवर राहिल्याने बिअरमध्येच गॅस जास्त भरलाय. चारपैकी एकाच नळाला त्रास असेल तर त्याचा नळ खोला: वॉशर फाटलेला असतो किंवा आत साखरेचा थर बसलेला असतो. आणि भरणाऱ्याचा हातही बघा. नळ झटक्यात पूर्ण उघडायचा, ग्लास ४५ अंशांत तिरका धरायचा, नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही. "हळू उघडला तर फेस कमी येईल" म्हणून नळ अर्धवट उघडणं हे फेस तयार करण्याचं हमखास यंत्र आहे.

सिलिंडर कुठे ठेवलाय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सोलापुरात हे महत्त्वाचं आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही. २० अंशांना सिलिंडरमध्ये ५७ बारच्या आसपास दाब असतो, तो आपल्या एप्रिल-मेमध्ये खूप वर जातो. म्हणून उन्हाळ्यात मोठा गेज बघून "अजून भरपूर आहे" असं ठरवू नका. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजनावरून काय ते कळतं. तो सावलीत, उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला असावा, आणि कोल्ड रूमच्या बाहेर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत गळला तर खाली साचतो आणि आत गेलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. कोल्ड रूममध्ये कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. पोरांना सांगून ठेवा की अलार्म वाजला किंवा आत शिरताच डोकं जड झालं, दम लागला तर लगेच बाहेर यायचं, दार उघडं टाकायचं, आणि कुणी आत पडलेला दिसला तरी एकट्याने धावत आत जायचं नाही. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, तरी या उत्तरातली हीच गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. गॅस खाद्य-पेय दर्जाचाच मागा, वेल्डिंगचा नको.

आता "चिल्ड". बाहेर ४२ अंश असताना आत आलेल्या माणसाला गार हवं असतं, त्याचं काही चूक नाही. पण २ अंशांची बिअर जिभेला बधिर करते, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास वर येत नाही, आणि आयपीए व साध्या लागरमधला फरक जवळजवळ मिटतो. क्राफ्ट बिअरला जास्त पैसे मोजणाऱ्याला तो फरकच तर द्यायचा असतो. केग सगळे ३-४ अंशांवर राहू द्या, तिथे प्रेशरही सोपं जातं. ग्लासात लागर आणि व्हीट ५-६ अंशांना, आयपीए ७-८ ला, स्टाउट ८ ते १० ला चांगली लागते. इतक्या फरकासाठी वेगळी यंत्रणा नको, ग्लासच ते काम करतो. जाड काचेचा ४०० ग्रॅमचा मग ३८ अंशांच्या खोलीत रॅकवर असेल आणि त्यात ४ अंशांची अर्धा लिटर बिअर ओतली, तर दोन्ही मिळून साडेआठ अंशांच्या आसपास स्थिरावतात. स्टाउटला हे चालेल. लागरसाठी मात्र ग्लास पातळ घ्या आणि भरण्याआधी गार पाण्याने खळखळून धुवा. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका: काचेवर बर्फाचा थर धरतो, त्यावर बिअर पडताच फेस उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं. उन्हाळ्यात ३०० मिलिलिटरचा छोटा ग्लास ठेवलात तर शेवटचा घोटही गार मिळतो. गिऱ्हाइकाने हे दोनदा अनुभवलं की ते स्वतःहून छोटा मागतं.

ग्लास स्वच्छ नसेल तर वरचं सगळं वाया. तेलाचा अंश फेस मारतो, आणि आपल्याकडे टेबलावर शेंगाचटणी, सुकं मटण आणि तर्री असते. बिअरचे ग्लास ताटांच्या सिंकमध्ये धुऊ नका, त्यांचा ब्रश आणि साबण वेगळा ठेवा. पुसूही नका; आपले सोलापुरी टॉवेल जगभर जातात, पण त्यांची लव ग्लासात राहिली तर तिथे बुडबुडे चिकटतात. जाळीवर उलटे ठेवून वाळू द्या. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग बसत असतील तर शेवटचं पाणी आरओचं वापरा. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास घाण आहे. प्रत्येक घोटानंतर फेसाची कडी काचेवर राहिली तर स्वच्छ.

नळ्या दर १४ दिवसांनी दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, पंपाने पंधरा मिनिटं फिरवून धुवायच्या आणि मग कॉस्टिक पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने खळाळून घ्यायच्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच. नळ आणि कपलर त्याच दिवशी खोलून ब्रशने घासायचे. दर तीन महिन्यांनी ॲसिडचं द्रावण, नळीत बसणाऱ्या क्षाराच्या थरासाठी. आंबूस किंवा लोण्यासारखा वास येत असेल तर आधी ही तारीख तपासा, मग ब्रुअरीला फोन करा.

राहिला चौथा नळ. स्टाउटला दाट, मलईसारखा फेस हवा म्हणून तुम्ही नायट्रोचा नळ बसवायचं म्हणताय. त्यासाठी पाऊण भाग नायट्रोजन आणि पाव भाग कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सिलिंडर, त्याला चालणारा रेग्युलेटर आणि आत बारीक छिद्रांची चकती असलेला नळ लागतो, प्रेशर ३० ते ३५ पौंड. पण बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड १.२ व्हॉल्यूमच्या आसपासच असावा लागतो, म्हणजे ब्रुअरीने ती नायट्रोसाठी म्हणूनच भरलेली हवी. तुमची आत्ताची २.३ व्हॉल्यूमची स्टाउट त्या नळातून काढलीत तर ग्लासभर फेसच मिळेल. ब्रुअरी नायट्रोचे केग देत असेल तरच हा खर्च करा. देत नसेल तर स्टाउट साध्या नळावर, साडेदहा पौंडांना ठेवा, भरून मिनिटभर काउंटरवर राहू द्या आणि मग टेबलावर पाठवा.